म्हणून दाखवा

अण्णा टेमकरांच्या औषधाच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले, ती नोकरी मागायला नाही. माझं सर्टिफिकेट भाड्याने द्यायला गेले होते.

आमच्या धंद्यातली ही गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते म्हणून सांगते. औषधाच्या दुकानात शिकलेला, नोंदणी झालेला फार्मासिस्ट हजर असावा लागतो, कायदाच तसा आहे. पण पुष्कळ ठिकाणी भिंतीवर त्याचा फ्रेम केलेला कागद तेवढा हजर असतो आणि तो स्वतः शेतावर नाहीतर दुसऱ्याच कुठल्या नोकरीवर असतो. कागदाचं भाडं घरपोच येतं. मी डी. फार्म. झाले, वर्षभरात लग्न होऊन अवसरी बुद्रुकला आले, दोन मुलं झाली आणि माझं सर्टिफिकेट कपाटात साड्यांच्या खाली गेलं. नऊ वर्षांनी आमच्या यांना त्याची आठवण झाली. घोडेगावात टेमकर म्हणून आहेत, त्यांना दुसरा फार्मासिस्ट हवाय, असं त्यांनी कुठूनसं ऐकलं होतं. मोटारसायकलवर बसून आम्ही दोघं गेलो.

अण्णांनी सर्टिफिकेट हातात घेतलं. चष्मा कपाळावर चढवून नाव, नोंदणी क्रमांक, नूतनीकरणाची तारीख सगळं अगदी डोळ्यांजवळ धरून वाचलं. मग आमच्या यांच्याकडे न बघता मला म्हणाले, "कागद लई चांगला हाये. भिंतीला लावू. पन कागदाला गोळ्या मोजता येत न्हाईत. तुमी किती वाजता येनार?"

मी म्हटलं, घरचं सगळं असतं, मुलं लहान आहेत.

"मुलं शाळेत कवा जातात?"

"साडेनऊला."

"मंग दहाला या. मुलं यायच्या आत सोडतो. तुमी आलात की कागद वर, तुमी गेलात की कागद खाली."

मला वाटलं, हे बोलायचं म्हणून बोलतायत. पण दुसऱ्या दिवसापासून खरंच तसं सुरू झालं. भिंतीवर दोन खिळे होते, एक त्यांचा, एक माझा. चार वाजता मी पर्स उचलली की अण्णा माझी फ्रेम काढून खणात ठेवायचे. स्वतः जेवायला घरी निघाले की स्वतःची फ्रेमही खाली. मी येण्याआधी तर ते जेवायला गेले की दुकानच बंद असायचं. लोक हसायचे. मीही घरी जाऊन हसले होते. मी कामाला गेले ती या माणसाच्या विक्षिप्तपणामुळे, आणि आज माझं जे काही बरं चाललंय तेही त्याच विक्षिप्तपणामुळे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे थट्टा करताना राहून जाईल.

अण्णा बुटके, काळेसावळे. अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात एक निळं आणि एक लाल पेन. हात दिवसातून इतक्या वेळा धुवायचे की बोटांची टोकं कायम सुरकुतलेली. कात्री काउंटरला दोरीने बांधलेली, आणि ती फक्त गोळ्यांच्या पट्ट्यांसाठी. त्या कात्रीने मी एकदा बिस्किटाचा पुडा कापला, तर दिवसभर बोलले नाहीत. पट्टी कापण्याची त्यांची एक रीत होती. ज्या टोकाला मुदतीची तारीख छापलेली असते ते टोक शेवटपर्यंत राखायचं, आणि सुट्या गोळ्या दिल्या तर ती तारीख पाकिटावर लाल पेनाने लिहून द्यायची. "अर्धी पट्टी घरी नेली म्हंजे मानसानं अर्धीच माहिती न्यायची का?" असं त्यांचं म्हणणं.

ते गिऱ्हाईक हा शब्द वापरू द्यायचे नाहीत. "गिऱ्हाईक भेळेच्या गाडीवर. हितं पेशंट." कुणी मोबाइल पुढे करून फोटोतली गोळी मागितली की आधी विचारायचे, कुणाची, वय काय, कशासाठी. एकदा एक पाहुणा वैतागून म्हणाला, "राव, गोळी मागतोय, मुलगी न्हाई मागत." अण्णा शांतपणे म्हणाले, "मुलगी द्यायची आसती तर येवढं इचारलं नसतं." पाच-सात माणसं रांगेत होती, सगळी हसली, तोही हसला. पण गोळी ज्याला हवी होती त्या मामाशी फोनवर बोलल्याशिवाय अण्णांनी ती दिली नाही. गावात आमच्या दुकानाला अण्णांची शाळा म्हणायचे. घाई असलेला माणूस दुसरीकडे जायचा आणि अण्णांना त्याचं काही वाटायचं नाही. मला वाटायचं. मी तेव्हा फार तापट होते.

या शाळेत एक वही होती. लाल पुठ्ठ्याचं जाड रजिस्टर, वर अण्णांच्या अक्षरात फक्त 'चुका'. दुकानात झालेली किंवा होता होता राहिलेली प्रत्येक चूक तिच्यात जायची. काय झालं, कधी लक्षात आलं, आता काय बदललं, या तीन गोष्टी लिहायच्या. कुणी केली ते लिहायचं नाही. रोज दहा वाजता, मी आल्यावर, अण्णा उभ्याने आदल्या दिवसाचं पान मोठ्याने वाचायचे. पान कोरं असलं तर मात्र त्यांचा चेहरा पडायचा. "कोरं म्हंजे चूक झाली न्हाई आसं न्हाई. आपल्याला दिसली न्हाई."

माझी पहिली नोंद चौथ्याच दिवशी झाली. कानात घालायचे थेंब मी डोळ्यांचे म्हणून दिले. दोन्ही बाटल्या एका मापाच्या, एका रंगाच्या. म्हातारबाबा पायरी उतरायच्या आत अण्णांनी त्यांना हाक मारली, बाटली बदलून दिली, त्यांची माफी मागितली. मी मागच्या खोलीत जाऊन रडायला लागले. नऊ वर्षं घरी बसून सगळं विसरले, आमच्या यांचंच बरोबर होतं, कागदच पाठवायला हवा होता, असं काय काय मनात येत होतं. अण्णा आत आले. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली, तर त्यांनी माझ्यापुढे वही आणि पेन धरलं.

"रडा. पन आधी लिहा. रडल्यावर बारीकसारीक इसरतं."

मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी कानाच्या औषधांचा कप्पा दुकानाच्या दुसऱ्या टोकाला गेला होता. एवढंच. कुणी मला त्याबद्दल पुन्हा एक शब्द बोललं नाही. सासर-माहेर धरून माझ्या आयुष्यात मला असं आधी कुणी वागवलं नव्हतं.

दुकानातल्या फ्रिजचं आणि अण्णांचं नातं तर वेगळं लिहावं असं. त्यात इन्शुलिन आणि लसी. आत एक तापमापक, दारावर एक तक्ता, दिवसातून तीनदा आकडा लिहायचा. गावात दुपारची वीज गेली की अण्णा आधी घड्याळ बघायचे आणि मग बर्फाच्या पेटीकडे. एकदा एक पुढारी घरच्या लग्नाच्या श्रीखंडाचे चार डबे घेऊन आले. एका रात्रीचा प्रश्न होता, आणि पुढारी असे की त्यांना नाही म्हणायची तालुक्यात पद्धत नव्हती.

अण्णा म्हणाले, "आतमधी अकरा जनांचं इन्शुलिन हाये. त्या अकरा जनांना इचारून या, मी लगेच ठेवतो."

"कोन हायेत ते?"

"त्ये मला सांगता येत न्हाई. पेशंटची नावं हायेत."

पुढारी डबे घेऊन परत गेले. पुढे सहा महिने त्यांच्या माणसांनी आमच्याकडून साधी डोकेदुखीची गोळी घेतली नाही.

आणि एकदा फ्रिज पुसताना माझ्याकडूनच आतलं बटण फिरलं. सकाळी तापमापकाचा आकडा शून्याच्या खाली. मी घाईने बटण मागे फिरवलं, कुपी उजेडात धरून बघितली, पाणी स्वच्छ होतं. म्हटलं, "अण्णा, दिसायला अगदी चांगलं आहे."

"दिसायला मी बी बरा हाये," अण्णा म्हणाले. "माझ्यानं साखर उतरती का?"

गोठून वितळलेलं इन्शुलिन काम करत नाही, आणि ते बघून कळत नाही. अण्णांनी सगळं बाजूला काढून त्यावर लाल फुली मारली. घरात मुलीच्या लग्नाची खरेदी चालली होती त्यांच्या, आणि त्यात हा तोटा. वहीत नोंद झाली आणि बटणावर चिकटपट्टी लागली.

त्यांच्या शहाणपणाचा मला सगळ्यात आवडलेला किस्सा टोपणाचा आहे. एक तरुण बाई तापाचं पातळ औषध न्यायला आली, कडेवर वर्षाचं पोर. म्हणाली, बाटलीबरोबर मापाचं टोपण जरा जास्तीचं द्या.

अण्णांनी विचारलं, "मागचं कुठं गेलं?"

"आमचे हे नेत्यात फवारनीला. टोमॅटोवर मारायला माप बरुबर येतंय म्हनं. मी धुऊन ठिवते परत."

अण्णा मटकन स्टुलावर बसले. मी तर तिच्यावर ओरडणारच होते. अण्णांनी हाताने मला थांबवलं. पोराची जीभ बघितली, कधी दिलं, किती वेळा दिलं, सगळं विचारून घेतलं आणि तिला डॉक्टरांकडे पाठवलं. पोर सुखरूप होतं. मग ते रस्ता ओलांडून समोरच्या कृषी सेवा केंद्रात गेले आणि फवारणीची हिरवी प्लास्टिकची मापं खोकाभर घेऊन आले. त्या दिवसापासून आमच्याकडे लहान मुलाचं औषध घेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला एक हिरवं माप फुकट मिळायला लागलं. "ह्ये फवारनीला. त्ये पोराला." कृषी केंद्रवाला दारात येऊन विचारायचा, "अण्णा, धंदा बदलला का काय?" मी म्हटलं, तुम्ही तिला दोन शब्द बोलायला हवं होतं. तर म्हणाले, "बोलल्यानं त्याला माप मिळालं आसतं का? मानसाला मापाची गरज व्हती म्हनून त्यानं टोपन नेलं."

असा हा माणूस. आणि याच माणसाच्या हातून ती चूक झाली.

घोडेगावच्या बाजाराला वरच्या अंगाची, पार आहुप्याकडची डोंगरातली माणसं उतरतात. पुष्कळांना वाचता येत नाही, कॅलेंडर बघायची सवय नाही, पण बाजाराचा दिवस कुणी चुकत नाही. म्हणून आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी असली की अण्णा म्हणायचे, "बाजाराच्या दिवशी एक." सोपं, लक्षात राहणारं. वर्षानुवर्षं ते बिनचूक चाललं होतं. मीही त्यांचं ऐकून तसंच सांगायला लागले होते.

हिराबाई सुकट-बोंबील विकायची. साठीच्या पुढची, उंच, हाडाने मजबूत. ती दुकानात आली की वास तिच्या आधी आत यायचा आणि ती गेल्यावर तासभर रेंगाळायचा. तिचे सांधे धरले होते, बोटं वाकडी व्हायला लागली होती. डॉक्टरांनी तिला आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी लिहून दिली. या गोळीची गंमत अशी की आठवड्याला एक घेतली तर सांधे मोकळे करते, आणि रोजच्या रोज घेतली तर माणसाच्या रक्तातल्या पेशीच उतरवते. अण्णांनी दहा गोळ्यांची पट्टी तिच्या हातात दिली आणि नेहमीसारखं, नीट, दोनदा सांगितलं, "हिराबाई, बाजाराच्या दिवशी एक. बाकी दिवस न्हाई." हिराबाईने मान डोलावली. मी शेजारीच उभी होते.

दोन आठवड्यांनी, बाजाराच्याच दिवशी, ती माझ्यासमोर आली. गर्दी मरणाची. "बाय, त्वांड आलंया लई. पानी बी गिळवना. लावायचं कायतरी दे." उन्हाळ्याचे दिवस, तोंड येणारे रोज दहा यायचे, त्यात तिला मिश्रीची सवय. मी तोंडात लावायच्या मलमाची ट्यूब दिली, पैसे घेतले, पुढच्या माणसाकडे वळले. पाच मिनिटांनी अण्णा बिलं चाळत होते, ते थांबले.

"हे मलम कुनी नेलं?"

"हिराबाईनं. तोंड आलंय तिचं."

अण्णांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ती सांध्यांची गोळी जास्त झाली की आधी तोंड येतं. ते काउंटरवरून जवळजवळ उडी मारूनच बाहेर गेले. फ्रेमसुद्धा काढली नाही. भर बाजारात, पांढऱ्या शर्टात, भाजीच्या पाट्या ओलांडत, "हिराबाई, हिराबाई" म्हणून हाका मारत. नंतर लोक सांगत होते, आम्हाला वाटलं अण्णांच्या घरी काही झालं. सुकटीच्या ओळीत ती सापडली, दोन्ही हातांत डोकं धरून बसलेली, अंगात कणकण. अण्णांनी पट्टी मागितली. तिने कमरेच्या पिशवीतून काढून दिली. नऊ जागा फुटलेल्या होत्या, एक गोळी शिल्लक.

"हिराबाई, ह्या कशा संपल्या?"

"तुमी म्हनला तशाच की. बाजाराच्या दिशी येक."

हिराबाई आठवड्याला पाच बाजार करायची. घोडेगाव, मंचर, नारायणगाव, ओतूर आणि आणखी एक वरच्या अंगाचा लहान बाजार. जिथे टोपली उतरवायची तिथे बसल्या बसल्या ती पाण्याबरोबर एक गोळी घ्यायची. एकही चुकवली नव्हती.

अण्णांनी तिथूनच रिक्षा करून तिला मंचरला दवाखान्यात नेलं. रक्ताचा रिपोर्ट आला, पेशी उतरलेल्या. डॉक्टर म्हणाले, अजून एक आठवडा गेला असता तर हाताशी काही राहिलं नसतं. मीही दुकान बंद करून मागून पोचले होते. हिराबाईचा मुलगा रामदास, पिकअप चालवतो, तो धावत आला होता. डॉक्टर त्याला समजावत होते की असं होतं, अडाणी माणसं असतात, सांगितलेलं नीट ऐकत नाहीत. विषय तिथेच मिटत होता. त्यात अण्णांचं नावही आलं नव्हतं.

अण्णा मध्येच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, त्यांनी नीटच ऐकलं. मी म्हनलो तसंच केलं. सांगनारा चुकला."

रामदासने वळून बघितलं. "म्हंजे?"

अण्णांनी त्याला सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही.

"म्हंजे माझी आई गेली आसती."

"हां," अण्णा म्हणाले. "गेली आसती."

रामदासने त्यांच्या अंगावर हात टाकला नाही, एवढंच. परत इथं दिसू नका म्हणाला. अण्णा रोज दिसले. हिराबाई दहा-बारा दिवस दवाखान्यात होती आणि रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला अण्णा बाहेरच्या बाकावर जाऊन बसायचे. आत जायचे नाहीत. नर्सला पेशी विचारायच्या, आकडा ऐकायचा आणि एस.टी.ने परत यायचं.

हिराबाईला मंचरला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी गेले तर वही उघडी होती. स्वतःच केलेला नियम त्यांनी मोडला होता. आख्ख्या वहीत तेव्हा एकच नाव होतं, ते त्या पानावर. 'बबन टेमकर याने पेशंटला विचारले नाही की तुमचे बाजार किती. आपला आठवडा पेशंटवर लादला. दहा गोळ्या एकदम दिल्या, चारच द्यायला हव्या होत्या.' पुढे 'आता काय बदलले' याच्यासमोर कोरी जागा. खाली मी माझी नोंद लिहिली. गोळी माहीत असून तोंड आलेल्या बाईला काही न विचारता मलम दिलं.

मान वर केली तर भिंतीवर फक्त माझी फ्रेम होती. अण्णांचा खिळा रिकामा. अण्णा स्वतः दुकानात होते, मागच्या खोलीत खोकी मोजत होते.

"अण्णा, तुम्ही आहात ना इथं. मग फ्रेम?"

"मी हाये, पन फार्मासिस्ट न्हाई."

सहा आठवडे असं चाललं. मी असेन तेवढाच वेळ, दहा ते चार, दुकान उघडं. अण्णा माल लावायचे, झाडायचे, तापमान लिहायचे, पण गोळीला हात लावायचे नाहीत. पेशंट आत डोकावून "अण्णा" म्हणून हाक मारायचे तर ते माझ्याकडे बोट दाखवायचे. त्या वयात हा माणूस असाच मिटून जाणार असं मला वाटायला लागलं. मी समजावलं, चिडले, भांडलेसुद्धा. म्हटलं, तुम्हीच सांगता ना वहीत नाव नसतं, काम असतं? ते खोकी मोजत राहिले.

मग एका बाजाराच्या दिवशी सुकटीचा वास आला. हिराबाई पायरी चढत होती, अर्धी झालेली, एका हातात चिठ्ठी, मागे दारात रामदास. डॉक्टरांनी रक्त पुन्हा पुन्हा तपासून तीच गोळी कमी ताकदीची पुन्हा सुरू केली होती. मी चिठ्ठीसाठी हात पुढे केला.

"तू न्हाई बाय. त्यान्ला बोलीव."

अण्णा मागून आले, कोपरापर्यंत हात धुळीने भरलेले. "हिराबाई, मॅडम सांगतील तुमाला."

"मॅडम नगं. तुमीच सांगा. पर या टायमाला मी म्हनून दावीते, मंग तुमी हां म्हना. तवर मी पिशवी उचलत न्हाई."

अण्णा हात धुऊन आले, सावकाश, बोट न् बोट. मग त्यांनी विचारलं, "हिराबाई, तुमच्या आठवड्यात एकदाच येतो आन् कधीच चुकत न्हाई, आसा कंचा दिवस?"

"सोमवार. सोमवारचा उपास आसतो माझा. त्या दिशी सुकटीला हात लावीत न्हाई."

"मंग सोमवारी उपास सोडून जेवलात की एक."

हिराबाईने वाकडी बोटं वर धरली आणि एकेक मिटत म्हणायला लागली. "सोमवारी उपास सोडून येक. मंगळवारी न्हाई. बुधवारी न्हाई. बिस्तरवारी न्हाई. सुक्कीरवारी न्हाई. शनवारी न्हाई. आइतवारी न्हाई. मंग सोमवारी येक."

अण्णांना हां म्हणायला वेळ लागला. मग ते हां म्हणाले. चार गोळ्या कापून त्यांनी पाकिटात घातल्या. हिराबाईने पिशवी उचलली आणि जाता जाता भिंतीकडे बघितलं. "तुमचा फोटू व्हता ना तितं? मानूस हितं हाये आन् फोटू कुटं गेला?"

मी खणातून फ्रेम काढली आणि खिळ्याला लावली. अण्णांनी अडवलं नाही. रामदास दारात उभा होता, तो आईच्या हातातली पिशवी घेऊन पायरी उतरला. त्या दिवशी वहीतल्या कोऱ्या जागेत अण्णांनी लिहिलं, 'पेशंटला म्हणून दाखवायला सांगायचे. हिराबाईंनी शिकवले.' म्हणजे नावं दोन झाली.

तेव्हापासून आमच्या दुकानात 'म्हणून दाखवा' सुरू झालं. शिकलेल्यांना राग यायचा. एका शिक्षकांनी तर विचारलं, मी काय पहिलीत आहे का? अण्णा हात जोडून म्हणायचे, "तुमची परीक्षा न्हाई, सर. माझी हाये. मी नीट सांगितलं का ते बघतोय."

पुढे अण्णांच्या हृदयाचं दुखणं निघालं. मुलगा ओझरला असतो, तो त्यांना घेऊन गेला. दुकान त्यांनी माझ्यावर सोपवलं. नऊ वर्षं साड्यांखाली पडलेला माझा कागद आता सकाळी नऊ ते रात्री नऊ भिंतीवर असतो, कारण मी तिथे असते. अण्णांचा खिळा मी काढलेला नाही. ते वारले त्याला दीड वर्ष झालं. पण मला ते आठवतात ते आजारी नाहीत. त्या आधीच्या थंडीतल्या एका बाजाराच्या दिवशी आठवतात.

रांगेत चौथे उभे होते. मी बघितलंच नाही. पाळी आल्यावर चिठ्ठी पुढे आली तेव्हा हाताच्या सुरकुतलेल्या बोटांवरून ओळखलं. मी गडबडले, स्टूल पुढे सरकवलं, चहा सांगायला लागले. त्यांनी मान हलवली, चिठ्ठीवर बोट ठेवलं. मी विचारलं, ओझरहून एवढ्या लांब कशाला आलात, तिथे दुकानं आहेत की.

"हायेत. पन तिथं म्हनून दाखवायला लावीत न्हाईत."

मी हसले. गोळ्या कापल्या, तारखा लिहिल्या, पिशवीत घातल्या आणि पिशवी त्यांच्यापुढे ठेवली. अण्णांना काय सांगायचं, हेच मनात. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांना सांगितलं. मी पुढच्या माणसाकडे वळलेसुद्धा. अण्णांनी पिशवी उचलली नाही. दोन्ही हात काउंटरवर ठेवून तसेच उभे राहिले. मागची माणसं चुळबुळ करायला लागली. मग माझ्या लक्षात आलं, आणि लाज वाटली.

"अण्णा, म्हणून दाखवा."

ते ताठ उभे राहिले. "सकाळी नाश्त्यानंतर ही पांढरी, एक. रात्री जेवून ही गुलाबी, एक."

मी पुन्हा चिठ्ठी बघितली. डॉक्टरांनी पांढरी कमी केली होती. आधी एक होती, आता अर्धी.

"अर्धी, अण्णा. सकाळची अर्धी. एक नाही."

अण्णांनी चिठ्ठी उचलली, चष्मा कपाळावर चढवून अगदी जवळून वाचली. त्यांनी मान वर केली तर चेहऱ्यावर ओशाळलेपण औषधालाही नव्हतं. इतकं खूश झालेलं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

"वहीत लिहा," ते म्हणाले. "जुना डोस डोक्यात बसला व्हता."

"लिहिते. आधी परत म्हणा."

"सकाळी पांढरी, अर्धी. रात्री गुलाबी, एक."

मला हां म्हणायला जरा वेळ लागला. अण्णा वाट बघत थांबले. रांगेत त्यांच्या मागे सुकटीची रिकामी टोपली कमरेवर घेऊन हिराबाई उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"म्हनली हां मॅडम," ती म्हणाली. "आता उचला पिशवी."

अण्णांनी पिशवी उचलली आणि तिला वाट करून दिली.